म्हैस पुन्हा बुटकी केली

प्रिय शिट्टी,

आधी बातमी सांगते. पैलवानाने माझ्याशी बोलणं टाकलंय. म्हणजे बोलतो, पण पाना, बोल्ट आणि "उद्या या" एवढंच. आपल्या गॅरेजवाल्याला तू विसरली नसशील, फुंकर मारली तर उडून जाईल असा माणूस, आणि सगळा बाजार त्याला पैलवान म्हणतो. त्याचं म्हणणं असं, की लोक त्याच्याकडे गाड्या उंच करून घ्यायला येतात. उंच केलेली गाडी परत बुटकी करून मागणारी मी त्याच्या धंद्यातली पहिलीच. ज्या हातांनी म्हैस वर चढवली, त्याच हातांनी तिला खाली उतरवायला लावली, हे त्याला फार लागलंय. मी त्याला कारण सांगितलं नाही. ते आधी तुला सांगायचं होतं.

अक्षर वेडंवाकडं आलंय, चालवून घे. ते का, हे शेवटी कळेल. पत्र सावकाश वाच. आज अर्धं वाचून उद्या अर्धं वाचलंस तरी हरकत नाही, मी कुठे पळून जात नाही. फक्त तुझ्या मास्तरांना मोठ्याने वाचायला लावू नकोस. त्यांच्या त्या मऊ आवाजात माझं बोलणं ऐकायची कल्पनासुद्धा मला सहन होत नाही. हे सगळं मी फोनवर सांगितलं असतं, पण तू कित्येक महिने माझा फोन उचलला नाहीस. आधी मी चिडले. मग मनात नको नको ते आलं. आता कारण कळलंय, म्हणून लिहायला बसले. मला तू हवी आहेस, शिट्टी. म्हशीत, शेजारच्या सीटवर. मागणं एवढंच आहे आणि ते आत्ताच सांगून टाकलं, म्हणजे उरलेलं पत्र तू धास्तावून वाचणार नाहीस.

तुला आठवतं का, मी तुझ्याकडे पहिल्यांदा भांडायला आले होते? माझ्या कवळ्यांच्या कारखान्याची खिडकी तुमच्या शाळेच्या मैदानावर उघडायची. मी इकडे कुणाच्या तरी हिरडीवर दात बसवतेय, श्वास रोखून, आणि तिकडे तू मैदानाच्या पार टोकाच्या पोरांना ताळ्यावर आणतेयस. तुझी शिट्टी वाजली की माझ्या हातातला सुळा पटाशीच्या जागी जायचा. एक दिवस ॲप्रनसकट तरातरा चालत आले. तू ऐकून घेतलंस, चहा मागवलास, आणि माझ्या ॲप्रनच्या खिशातून डोकावणारी कवळी बघून इतकी हसलीस की भांडण तिथेच बारगळलं. त्या दिवसापासून मी तुझी बत्तीशी आणि तू माझी शिट्टी. खऱ्या नावांनी आपण एकमेकींना फक्त फॉर्म भरताना ओळखलं.

म्हैस घेतली तेव्हा ती तिसऱ्या हाताची होती आणि मी पहिल्यांदाच काही मोठं विकत घेत होते. नाव तू ठेवलंस. काळी, रुंद, आणि चिखल दिसला की बाजूने जायला नाखूश. पहिल्याच सुट्टीत आपण तिला त्या दगडी ओढ्यात घातलं. तू उतरून समोर उभी राहिलीस, कारण आत बसलेल्या माणसाला बॉनेटपुढचा दगड दिसत नाही. घसा फोडून ओरडलीस, पण इंजिनच्या घरघरीपुढे तुझ्या आवाजाचंही काही चाललं नाही. तू थांब म्हणालीस, मी ये ऐकलं, आणि म्हशीचा एक दिवा फुटला. तेव्हा तू त्याच दगडावर फतकल मारून बसलीस आणि खुणा ठरवल्यास. मूठ वर म्हणजे थांब. दोन्ही हातांची बोटं स्वतःकडे हलवली की ये, आणखी ये. एक हात ज्या बाजूला, त्या बाजूला चाक वळव. तळवे पुढे ढकलले की मागे घे, म्हणजे दुसऱ्या वाटेने येता येईल. आणि मुठीवर दुसऱ्या हाताचा पालथा पंजा ठेवला, की पोट टेकलं. गाडीचं पोट दगडावर बसलंय, चाकं हवेत आहेत, आता कितीही जोर केलास तरी जागची हलणार नाहीस, उगाच इंजिन तापवू नकोस.

नियम एकच होता आणि तो तू मुलांना सांगतेस तसा मला तीनतीनदा सांगितलास. आतलीने दगडाकडे बघायचं नाही, बाहेरचीच्या हाताकडे बघायचं, आणि प्रश्न विचारायचा नाही. मी आयुष्यात कुणाचंच ऐकलेलं नाही. आई थकली, बाबा थकले, दोन डॉक्टरांनी माझ्याकडे काम देणं बंद केलं. पण तुझ्या हाताकडे बघून मी उतारावरून खाली आले, पाण्यातून पलीकडे गेले, एकदा तर डोळ्यांपुढे नुसतं आभाळ दिसत असताना पुढे गेले, कारण आभाळाच्या खालच्या कडेला तुझी दहा बोटं "ये" म्हणत होती. गाडी कलायला लागली की कळावं म्हणून तुझी जुनी शिट्टी आपण आरशाला टांगली. ती बाजूच्या काचेकडे फार झुकली की तू माझ्या गुडघ्यावर चापट मारायचीस. परतीच्या वाटेवर तू शेजारच्या सीटवर पाय पसरून झोपायचीस, तोंड उघडं टाकून, आणि मी तुझे दात तपासायचे. वरच्या डाव्या दाढेकडे लक्ष दे असं तेव्हाही सांगत होते.

मग मास्तर आले. बदली चित्रकला शिक्षक म्हणून आले, तुझं मैदानावरचं रेखाचित्र काढलं, आणि परत आपल्या गावी जाताना तुला घेऊन गेले. पन्नाशी गाठत आलेली बाई लग्न करते म्हटल्यावर शाळेत सगळ्यांना केवढी गंमत वाटली. साक्षीदार म्हणून सही मी केली. मास्तरांचा राग करावा असं त्यांच्यात काहीच नाही, हीच माझी मोठी पंचाईत. एखादा खडूस, मिशीवाला, घोरणारा नवरा केला असतास तर मला किती बरं पडलं असतं. तू काही माझी कुणी घेऊन जावी अशी वस्तू नव्हतीस, हे मला कळत होतं. तरी पुढच्या सुट्टीत सकाळी डबा भरताना मी चार अंडी उकडली, दोन खाल्ली आणि दोन बघत बसले. मला एकटं वाटलं, शिट्टी. तुला फोनवर मी सांगायची, मजेत आहे, काम खूप आहे. काम खूप होतंच. लोकांचे दात काही माझ्या मनःस्थितीसाठी पडायचे थांबत नाहीत.

एकटीने पहिल्यांदा गेले तेव्हा अर्ध्या वाटेवरून परतले. म्हैस तशीच पैलवानाकडे नेली आणि म्हटलं, मला एकटीला जमेल अशी करून दे. त्याचे डोळे असे चमकले, जणू मी त्याला बागडायला मैदान दिलं. आधी पुढच्या बम्परखाली कॅमेरा बसवला. म्हणाला, बॉनेटपुढचा दगड आता पडद्यावर दिसतो, मॅडम, बाहेर कोणी उभं राहायची गरज नाही. मग विंच. म्हणजे बम्परमध्ये बसवलेला मोटरचा रहाट. समोरच्या झाडाला दोर बांधायचा, हातातलं बटण दाबायचं, आणि गाडी स्वतःच स्वतःला ओढून घेते. आपल्या वेळी एकजण दोर बघायची आणि एकजण चाक धरायची. मग चिखलात चाकाखाली घालायच्या जाड फळ्या आल्या. पूर्वी ते काम तू करायचीस, दगड गोळा करून, प्रत्येक दगडागणिक मला एक शिवी देत. मग गाडी किती कलली ते आकड्यात दाखवणारं मीटर आलं. आरशाची शिट्टी काढू का, असं पैलवानाने विचारलं, तर मी त्याच्यावर अशी खेकसले की पुन्हा त्याने आरशाकडे पाहिलं नाही.

पुढे मला त्याची चटकच लागली. एखादीला साड्यांची लागते, मला स्प्रिंगांची लागली. जाड स्प्रिंगा, लांब शॉक अब्सॉर्बर, छातीपर्यंत येतील असे टायर. म्हैस इतकी उंच झाली की मला आत शिरायला एक हात दाराला, एक हात चाकाला आणि देवाचं नाव एवढं सगळं लागायचं. तुला माहीत आहे माझी उंची. पैलवान म्हणाला, आता हिचं पोट कधीच टेकायचं नाही. मला ते फार आवडलं. एकूण काय, तू जे जे करायचीस त्या प्रत्येकाला बाजारात एक पर्याय होता, आणि मी तो एकेक करून आणत होते. हे मला तेव्हा असं दिसत नव्हतं. मी फक्त गाडी सुधारतेय असं मला वाटायचं.

शेवटी छोटा फ्रिज आणि त्याच्यासाठी दुसरी बॅटरी. ठेवायची कुठे? पैलवानाने आत डोकावून सहज विचारलं, "शेजारी कोणी बसत नाही ना, मॅडम?" मी म्हटलं, नाही. चार बोल्ट होते. मला वाटलं होतं गंजले असतील, वेळ लागेल, तोवर माझा विचार बदलेल. पण ते लोण्यातून सुरी जावी तसे निघाले आणि पैलवानाने तुझी सीट उचलून दारात ठेवली. तो म्हणत होता भंगारात देऊ. मी ती घरी आणली. खिडकीपाशी एका लाकडी चौकटीवर बसवली आणि रोज संध्याकाळी तिच्यावर बसायला लागले. तुझ्या लांब ढांगांसाठी ती पार मागे सरकवलेली होती, ती मी तशीच ठेवली. माझे पाय लटकतात. म्हशीत मात्र माझ्या शेजारी फ्रिज गुरगुरायचा. त्यात असायचं काय, पाण्याची बाटली, पाव आणि एकीचं जेवण. कधीकधी मी त्याच्याशी बोलायची. तुझ्यासारखंच मध्येच गप्प बसून मध्येच घरघर करायची त्याला सवय होती.

आणि मग पोट टेकलंच. हिवाळा संपत आला होता, कोरड्या नदीपात्रात गेले होते. एवढी उंच गाडी हाताशी असली की माणूस लहान दगडांकडे बघतच नाही. कॅमेऱ्याच्या काचेवर चिखलाचा एक थेंब उडाला होता, त्यामागे एक शिळा लपली होती, आणि मी तिच्यावर अशी जाऊन बसले की चारही चाकं नुसती फिरायला लागली. विंच होता, पण दोर बांधायला आसपास झाड नव्हतं. फळ्या होत्या, पण चाकं जमिनीला टेकत असतील तर फळ्यांचा उपयोग. मी खाली उतरले. पुढे चालत गेले, दगड कुठे लागलाय ते वाकून पाहिलं, उभी राहिले, आणि सवयीने म्हशीकडे तोंड करून मुठीवर पंजा ठेवला.

समोर काच होती. काचेमागे चाक होतं, चाकामागे कोणी नव्हतं, आणि शेजारी फ्रिज. मी किती वेळ तशी उभी होते मला माहीत नाही. एवढं सगळं म्हशीला लावलं, पण एकाच वेळी आत आणि बाहेर असायची सोय पैलवानाकडेसुद्धा मिळत नाही. मी तिथे दगडात बसून रडले. बघायला कोणी नव्हतं म्हणून अगदी आवाज काढून रडले. मग जॅक काढला, चाक उचललं, खाली दगड रचले, दुसरं चाक उचललं, आणि दिवस मावळता मावळता सुटले. प्रत्येक दगडागणिक तुला एक शिवी दिली, फिट्टंफाट. घरी येऊन तुला फोन केला. वाजून वाजून बंद झाला. दुसऱ्या दिवशी केला, चौथ्या दिवशी केला. म्हटलं, ठीक आहे, बाईसाहेबांना वेळ नाही. म्हशीवर ताडपत्री घातली आणि तिला तशीच उभी ठेवली.

त्यानंतर तीनेक महिन्यांनी मास्तर आले. तुला त्यांनी सांगितलं असेल की शहरात रंग आणायला जातोय. रंग नव्हते आणायचे. खिशात रुमालात बांधलेली त्यांची कवळी होती, मधोमध तुटलेली, आणि ती मुद्दाम तोडली होती असा मला अजून संशय आहे. सरळ चिरली होती, पडून तुटलेली कवळी अशी तुटत नाही. एवढ्याशा कामासाठी इतक्या लांब कोण येतं? त्यांना स्टुलावर बसवलं, गुलाबी पावडर कालवली, तुकडे जोडायला घेतले, आणि माझी पाठ त्यांच्याकडे झाल्यावर ते बोलायला लागले.

बोळक्या तोंडाने सगळं सांगितलं. उन्हाळ्याआधी एका सकाळी तुझ्या हातातून कप पडला. उजवी बाजू गेली, मग हळूहळू बरीचशी परत आली. काठी घेऊन घरात चालतेस. दोन्ही हात आता चालतात. पण शब्द येत नाहीत. तुला सगळं कळतं, वाचता येतं, आणि बोलायला गेलीस की पाण्याऐवजी दार येतं, दाराऐवजी काहीच येत नाही. पहिल्या दिवसांत तिकडच्या शाळेतल्या दोघी भेटायला आल्या, त्यांच्यापुढे असंच झालं, त्या रडल्या, आणि तेव्हापासून तू कुणालाच घरात येऊ देत नाहीस. खाली उतरत नाहीस. सकाळी खिडकीत उभी राहतेस आणि मग खोलीत जातेस. मास्तर म्हणाले, "ती तुमच्यावर रागावलेली नाही हो. तुमचा फोन वाजला की हातात घेते. वाजायचा थांबेपर्यंत धरून ठेवते, मग खाली ठेवते."

एक सांगते तुला, आणि हे नीट वाच. मास्तरांच्या तोंडात तेव्हा एकही दात नव्हता. त्यांचं अर्धं बोलणं हिरड्यांत अडकत होतं, अर्धं वाऱ्यावर जात होतं. शेजारचा दुकानदार मध्येच आला, त्याला एक अक्षर कळलं नाही. मला एकही शब्द दुसऱ्यांदा विचारावा लागला नाही. माझ्याकडे येणारं प्रत्येक माणूस दात काढून ठेवून बोलतं. आयुष्यभर मी हेच ऐकत आलेय. तेव्हा माझ्यापुढे शब्द न येण्याची लाज तू बाळगावीस, याच्यासारखा विनोद नाही. तू पाण्याला दार म्हण, दाराला पायमोजा म्हण, मला कळेल. नाही कळलं तर दुसऱ्यांदा कळेल.

मग मास्तरांनी एक विचारलं. म्हणाले, ती हातांनी एक खूण करते, दिवसातून कितीदा तरी, माझ्याकडे बघून. ती काय मागते तेच मला कळत नाही. मी आधी पातेल्यावरचं झाकण आणून दिलं. मग टोपी आणली. मग बरणी, मग छत्री. प्रत्येक वेळी मान हलवते आणि तोंड फिरवते. मी विचारलं, कशी खूण? त्यांनी एक मूठ केली आणि तिच्यावर दुसरा पंजा पालथा ठेवला.

माझ्या हातातली कवळी मी खाली ठेवली. ओली होती, तुकडे सरकले, सगळं काम पहिल्यापासून करावं लागलं. मी त्यांना म्हटलं, ती काही मागत नाहीये, मास्तर. ती सांगतेय की ती अडकलीय. चाकं फिरतायत पण जमिनीला लागत नाहीयेत. मास्तरांनी रुमाल तोंडावर धरला आणि बराच वेळ काढला नाही. तेवढ्या वेळात माझं त्यांच्याशी असलेलं जुनं भांडण, जे त्यांना कधी कळलंच नव्हतं, ते मिटलं. टोपी आणून देणारा नवरा आहे तुझा. मी तरी आणखी काय वेगळं केलं असतं?

त्यांच्याकडून मी एकच माप मागितलं. तुझं पाऊल किती वर उचलतं? त्यांनी माझ्या टेबलाच्या पायावर बोट ठेवलं, आणि मी तेवढा दोरा कापून घेतला. दुसऱ्या दिवशी तो दोरा पैलवानाच्या हातात दिला आणि सांगितलं, पाय ठेवायची जागा याच्या वर नको. त्याने दोरा बघितला, म्हैस बघितली, मला बघितलं. म्हणाला, "मॅडम, ही काय लहान मुलांची बस आहे का?" उंच स्प्रिंगा निघाल्या. मोठे टायर निघाले. जुने, मूळचे, तुला माहीत असलेले टायर त्याने कुठून तरी शोधून आणले. दाराखाली एक पायरी बसवली. विंच राहू दिला, कारण त्याने अक्षरशः हात जोडले. कॅमेराही आहे, पण पडद्यावर मी फडकं टाकलंय.

शेवटी फ्रिज काढला आणि घरून तुझी सीट नेली. ती बसवताना मात्र बोल्ट रुसले. निघताना लोण्यासारखे निघाले होते, जाताना एकही आटे धरेना. पैलवान गाडीखाली आडवा पडून शिव्या मोजत होता, मी वरून सीट दाबून धरली होती. शेवटचा बोल्ट बसला तेव्हा तो बाहेर आला, हात पुसले, सीटकडे पाहिलं, किती मागे सरकवलीय ते पाहिलं, माझ्या पायांकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी गाडी घ्यायला गेले तर दाराच्या आतल्या बाजूला, बसताना धरायला, एक दणकट मूठ बसवलेली होती, वर चामडं गुंडाळून शिवलेलं. मी ती सांगितली नव्हती. पैसे विचारले तर पाठ फिरवून कामाला लागला. अजून बोलत नाही म्हणाले ना, ते असं.

आता अक्षराचं. हे मी स्टिअरिंगवर पाटी टेकवून लिहितेय, म्हणून ओळी घसरतायत. सकाळपासून मी तुझ्या घरासमोर आहे, रस्त्यापलीकडे, बंद दुकानाच्या पुढ्यात, तोंड तुझ्या खिडकीकडे. तू दोनदा खिडकीत आलीस. पहिल्यांदा लगेच गेलीस. दुसऱ्यांदा म्हशीकडे बघत बराच वेळ उभी राहिलीस, आणि मी या वयात सीटवरून खाली सरकून पायापाशी लपले. तू बारीक झालीयस. मास्तर आता दूध आणायला उतरतील, हे पत्र त्यांच्याबरोबर वर येईल. वर यायला मी घाबरत नाही, पण न विचारता तुझ्या दारात येणार नाही, आणि तोंडाने उत्तर मागणार नाही. वाचून झालं की खिडकीत ये. दगड मला दिसत नाही, तुला दिसतो. मूठ वर केलीस तर मी थांबेन, प्रश्न न विचारता. पण मूठ म्हणजे थांब, एवढंच. आपण खुणा ठरवल्या तेव्हा "जा" अशी एकही ठरवली नव्हती, त्यामुळे उद्या सकाळी मी इथेच असेन आणि परवाही. आणि बोटं स्वतःकडे हलवलीस, अगदी एकच बोट हललं, तरी मी येईन. पोट टेकलं की दोघी लागतात गं, एक आत आणि एक बाहेर. चार अंडी उकडून आणलीयत. इंजिन चालू केलंय, तुझी शिट्टी आरशाला हलतेय, आणि मी कशाकडेच बघत नाहीये, फक्त तुझ्या हाताकडे.

तुझीच,
बत्तीशी